सोनं धुवायचा प्लॅस्टिक पॅन : कोणता घ्यावा, कसा वापरावा आणि हाती किती लागतं?

रीलमध्ये एक माणूस नदीत हिरवी परात फिरवतो, तळाशी पिवळा चुरा चमकतो आणि खाली खरेदीची लिंक. कुरखेड्यातल्या पोरांनी हा व्हिडिओ मला इतक्यांदा पाठवलाय की आता लिहूनच टाकतो. सगळ्यांचा प्रश्न एकच : "दादा, आपल्या सती नदीच्या रेतीत हे जमते का?"

मित्रांनो, आपल्या भागाला हे काम नवीन नाही. रेती धुऊन सोनं काढणाऱ्यांना इकडे सोनझारी म्हणतात. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत गोंड जमातीखाली 'सोनझारी झरेका' हे नाव आहे. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथातही सोनझारांवर वेगळी नोंद आहे. त्यांची परात लाकडाची. प्लॅस्टिकचा पॅन म्हणजे तीच युक्ती, फक्त हलकी आणि न गंजणारी.

युक्ती काय? सोन्याची घनता १९.३, साध्या रेतीची सुमारे २.६५. म्हणजे सोनं सात पट जड. पण पाण्यात बुडवलं की दोघांच्याही घनतेतून पाण्याचा १ वजा होतो : १८.३ आणि १.६५. फरक थेट अकरा पट! म्हणून पॅन पाण्याखाली हलवायचा असतो. वरच्यावर पाणी ओतून हलवणारे अर्धी मेहनत वाया घालवतात.

आता पॅन निवडू. नवशिक्याला १२ ते १४ इंच व्यासाचा पुरे. मोठा भरला की मनगट दुखतं. एका बाजूला खोल, खड्या पायऱ्या असाव्यात. जड कण त्यांच्यात अडकतात. रंग हिरवा, निळा किंवा काळा घ्या, कारण लोखंडी काळी रेती आणि पिवळा कण दोन्ही हिरव्या-निळ्यावर ओळखू येतात. काळ्या पॅनवर सोनं छान दिसतं, पण काळी रेती दिसत नाही. स्टीलच्या घमेल्यापेक्षा प्लॅस्टिकचा आणखी एक फायदा : बाहेरून चुंबक लावून काळी रेती बाजूला ओढता येते.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. नव्या पॅनवर साच्याचा तेलकट थर असतो. तेलावर पाणी नीट पसरत नाही आणि बारीक सोनं पाण्यावर तरंगून निघून जातं. आधी भांड्याच्या साबणाने आणि बारीक रेतीने आतून चांगला घासा. हाताला लावलेलं खोबरेल तेलही चालत नाही बरं का. आणि पॅन चुलीवर सुकवू नका, वितळेल.

वापरताना आधी चाळणीने मोठे खडे काढा. पॅन पाऊण भरून पाण्यात बुडवा, मातीची ढेकळं हाताने फोडा. मग आडवा, जोरात हलवा. या हलवण्यानेच जड कण तळाशी जातात, त्यामुळे इथे घाई नको. नंतर पायऱ्यांची बाजू पुढे ठेवून थोडा कलता करा आणि वरची हलकी रेती पाण्याबरोबर जाऊ द्या. पुन्हा हलवा, पुन्हा धुवा. शेवटी चमचाभर काळी रेती उरते. तिच्यात कपभर पाणी घेऊन हळूच गोल फिरवा. सोनं मागे राहतं. चुंबक मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा, नाहीतर चिकटलेली रेती सोडवताना जीव जाईल.

चमकलं म्हणजे सोनं नव्हे. अभ्रक उन्हात चमकतो, सावलीत विझतो. पायराइट सुईने दाबलं की फुटतं, सोनं चपटं होतं.

सराव घरच्या टबात करा. गळाला लावायचं शिसं घ्या, त्याचे तांदळाहून लहान दहा तुकडे करून रेतीत मिसळा आणि किती परत मिळतात ते मोजा. शिशाची घनता ११.३, म्हणजे सोन्यापेक्षा कमी. दहापैकी दहा सापडेपर्यंत तुमचा हात तयार नाही. नंतर साबणाने हात धुवा, शिसं विषारी आहे.

आता पैशाचं बोलू. अर्धा मिलिमीटर लांब-रुंद आणि त्याच्या दहाव्या हिश्शाइतका जाड कण धरा. त्याचं वजन साधारण ०.२४ मिलिग्रॅम. म्हणजे एक ग्रॅमसाठी चार हजारांवर कण! रीलमध्ये दिसणारा चिमूटभर चुरा बहुतेक आधीच टाकलेला असतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि कायदा? सोनं हे रेती-मुरमासारखं गौण खनिज नाही. १९५७ च्या खाण आणि खनिज कायद्यानुसार परवान्याशिवाय ते शोधणं किंवा काढणं, दोन्हीला मनाई आहे. पेसा कायद्यात ग्रामसभेला अधिकार आहे तो गौण खनिजांबाबत, आणि वनहक्क कायद्यात गौण वनोपजावर. सोनं दोन्हींत बसत नाही. जंगलातल्या नाल्यात पॅन घेऊन उतरलात तर वनविभागाचे प्रश्न वेगळे. त्यामुळे सतीच्या पात्रात खोदायला मी कुणालाच सांगणार नाही.

हा पॅन खरा कामाचा आहे तो झारेकऱ्यांना. सराफाच्या परवानगीने दुकानातली झाडण धुतली जाते, तिथे सोनं असण्याची खात्री तरी असते. पण काही जण बारीक सोनं पाऱ्याने गोळा करून तो पारा चुलीवर उडवतात. त्या वाफेला ना रंग ना वास, आणि ती मेंदू आणि मूत्रपिंडांवर घाला घालते. घरात लहान मूल असेल तर त्याला सर्वात आधी. व्हिडिओत पाऱ्याची बाटली दिसली की तो तिथेच बंद करा आणि पाठवणाऱ्यालाही तसं कळवा.