दारात हत्ती, रोज ऑफिसला स्वारी!

सकाळचे सव्वानऊ वाजलेले. पुण्यातल्या अनेक सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये आजकाल एक कसरत पाहायला मिळते. स्कूटर आणि साध्या मोटारसायकलींच्या गर्दीत एक उंचाड गाडी उभी असते. पुढचे चाक भलेमोठे, टाकी फुगीर, मागे पेट्या अडकवायच्या लोखंडी चौकटी. पाठीला लॅपटॉपची बॅग लावलेला मालक दम रोखून तिला इंचाइंचाने मागे घेत असतो. वॉचमन हातातला चहा ठेवून मदतीला धावतो. वरच्या गॅलरीतून आई हे पाहत असते. तिच्या मनात येते, 'गाडी हिमालयात जायची आणि स्वारी निघाली हिंजवडीला!'

आईचे म्हणणे खोटे नाही. पण मुलाचा हट्टही अगदीच पोरकट नाही. 'ॲडव्हेंचर' म्हणून ओळखली जाणारी ही मोठी मोटारसायकल रोजच्या कामाला खरोखर वापरता येते. मात्र त्यासाठी तिचा स्वभाव ओळखावा लागतो. नाहीतर हौसेने घेतलेली गाडी वर्षभरात कव्हराखाली धूळ खात पडते आणि हप्ते तेवढे चालू राहतात.

वाळवंटातून आलेली जात

या गाड्यांचे मूळ जर्मनीत आहे. १९८० मध्ये बीएमडब्ल्यू कंपनीने 'आर ८० जी/एस' ही मोटारसायकल बाजारात आणली. जी म्हणजे रानवाट आणि एस म्हणजे रस्ता, अशी ती जर्मन अद्याक्षरे. दोन्हीकडे चालणारी इतकी मोठी गाडी ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, फ्रान्सच्या ह्युबर्ट ओरिओलने याच जातीच्या गाडीवर पॅरिस ते डकार ही सहारा वाळवंटातून जाणारी खडतर शर्यत जिंकली आणि जगभरच्या हौशी स्वारांचे डोळे तिच्याकडे वळले.

आपल्याकडे ही हौस सामान्यांच्या आवाक्यात आणली ती रॉयल एनफील्डच्या 'हिमालयन'ने. २०१६ मध्ये ती ४११ सीसीच्या इंजिनासह आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिची ४५२ सीसीची, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची नवी आवृत्ती आली. २०२० मध्ये आलेली 'केटीएम ३९० ॲडव्हेंचर' तर आपल्या चाकणच्या कारखान्यातच तयार झाली. दुसऱ्या टोकाला बीएमडब्ल्यूची 'आर १३०० जीएस'. जून २०२४ मध्ये ती भारतात आली तेव्हा शोरूममधली किंमत होती २० लाख ९५ हजार रुपये!

खड्ड्यांतला राजा

हिमालयात चालावे म्हणून या गाडीला जे जे दिले आहे, ते ते आपल्या शहरातही उपयोगी पडते. नव्या हिमालयनचे पुढचे चाक २१ इंचांचे आहे. मोठे चाक खड्ड्यात कमी बुडते आणि त्याची कड सहज चढून बाहेर येते. शॉकॲब्सॉर्बरची हालचाल २०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर. पोटाखाली मोकळी जागा २३० मिलिमीटर. त्यामुळे ज्या स्पीडब्रेकरवर इतर गाड्यांचे पोट घासते, तिथून ही डुलत निघून जाते. बसण्याची पद्धत खुर्चीत बसल्यासारखी ताठ असल्याने कंबर वाकवावी लागत नाही. शिवाय स्वाराचे डोके उंचावर असते, त्यामुळे पुढच्या मोटारींच्या टपावरून दोन-तीन वाहने पलीकडचे दिसते.

पण सगळेच रस्ते तिला खुले नाहीत. गाडी कितीही मोठी असली तरी कायद्याच्या भाषेत ती दुचाकीच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, वांद्रे-वरळी सागरी सेतू, अटल सेतू इथे तिला मनाई आहे. वीस लाखांच्या गाडीलाही जुन्या घाटानेच जावे लागते!

वजनाचा हिशेब

खरी अडचण वेगात नाही, थांबण्यात आहे. साधी 'स्प्लेंडर' ११२ किलोंची. नवी हिमालयन १९६ किलोंची आणि जीएस तब्बल २३७ किलोंची. चालत्या गाडीचे हे वजन जाणवतही नाही. सिग्नलला थांबताना पाय खडीवर किंवा ओल्या पानांवर पडला, की मात्र सगळा भार एका पायावर येतो. अशा गाड्या घाटात कमी आणि पार्किंगमध्ये जास्त पडतात, त्या यामुळेच.

म्हणून घेण्याआधी पहिली परीक्षा उंचीची. हिमालयनची सीट जमिनीपासून ८२५ मिलिमीटर, २०२० मध्ये आलेल्या केटीएमची होती ८५५. दोन्ही टाचा टेकल्या नाहीत तरी चालते, पण दोन्ही चवडे भक्कम टेकायला हवेत. शोरूममध्ये नुसते बसून पाहू नये. खाली उतरून गाडी दहा पावले पुढे आणि दहा पावले मागे ढकलून पाहावी. इथे घाम फुटला, तर घरीही रोज फुटणार हे समजावे. घरी उतारावर लावायची असेल तर तिचे तोंड चढाकडे करावे, पहिला गिअर टाकावा आणि साइड स्टँडखालची जमीन टणक आहे ना ते पाहावे. डांबर उन्हात मऊ होते, पावसात माती खचते. स्टँडखाली एक चपटी फळी ठेवली तरी मोठा खर्च वाचतो.

गाडी पडू लागली तर तिला धरून ठेवण्याचा अट्टहास करू नये. हँडल वाकले तर बदलता येते, घोटा मोडला तर सहा-आठ आठवडे घरी बसावे लागते. पडलेली गाडी उचलण्याचीही रीत आहे. आधी इंजिन बंद करावे. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवावा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे कोसळते. मग गाडीकडे पाठ करून, गुडघ्यांत वाकून, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची दांडी धरावी. पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर लहान लहान पावलांनी मागे सरकावे. तोंड गाडीकडे करून हातांनी ओढायला गेले, की कंबर धरलीच!

हत्तीचा चारा

पोटभर चारा हवा, हे मोठ्या जनावराचे लक्षण. कॉलेजात असताना साठचा ॲव्हरेज पाहिलेल्यांना हिमालयनचा तिशीच्या आतबाहेरचा आणि जीएसचा विशीच्या आसपासचा आकडा बोचतो. करही जड आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपेक्षा मोठ्या मोटारसायकलींवर ४० टक्के जीएसटी लागू झाला. त्याआधी सेस धरून तो ३१ टक्के होता. गाडी घेताना टायर, ब्रेक पॅड, चेन-स्प्रॉकेट आणि क्रॅश गार्ड यांच्या किमती आधी विचारून घ्याव्यात. हप्ता ठरलेला असतो, हे खर्च अचानक येतात.

रोजच्या निगेत पहिला मान चेनचा. साधारण दर ५०० किलोमीटरला, आणि पावसाळ्यात त्याहून लवकर, ती साफ करून तेल द्यावे. हे काम इंजिन बंद ठेवून, चाक हाताने फिरवूनच करावे. इंजिन चालू ठेवून फिरत्या चेनला कापड लावणाऱ्यांनी बोटे गमावली आहेत. चेन किती सैल असावी हे गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. जीएसला चेनऐवजी शाफ्ट असल्याने ही कटकट नाही, मात्र त्या शाफ्टची कामे कोपऱ्यावरच्या गॅरेजात होत नाहीत.

टायरची हवा गाडी थंड असताना, सकाळीच तपासावी. धुळीच्या रस्त्यावर रोज जाणे असेल तर एअर फिल्टर ठरलेल्या मुदतीआधीच पाहावा. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे, ते हवेतला ओलावा शोषते आणि मग ऐन उतारावर ब्रेक मऊ लागतो. सिग्नलला रेडिएटरचा पंखा सुरू होऊन पायांवर गरम वारा आला तर घाबरू नये, तो आपले काम करीत असतो. कूलंट मात्र कमी होऊ देऊ नये.

मागच्या सीटवरचे माणूस

बहुतेक घरांत निर्णय एकटा घेतो आणि त्याचे परिणाम मागे बसणारी व्यक्ती भोगते. बायको किंवा आई मागे बसणार असेल तर तिला शोरूममध्ये सोबत न्यावेच. या गाडीवर चढणे म्हणजे घोड्याच्या रिकिबीत पाय ठेवून चढण्यासारखे आहे. चढण्याआधी आणि उतरण्याआधी एकमेकांना सांगायची सवय हवी. न सांगता मागचे माणूस उतरले तर तोल गेलाच म्हणून समजा. गाडी रुबाबदार दिसावी म्हणून साडी गार्ड काढून टाकणे हा तर शुद्ध अविचार. साडीचा पदर किंवा ओढणी मागच्या चाकात गेली तर काय होते, हे सांगायला नको.

मुलांबाबत कायदा स्पष्ट आहे. २०२३ पासून लागू झालेल्या नियमानुसार चार वर्षांखालील मूल मागे असेल तर त्याला स्वाराशी बांधून ठेवणारा पट्टा हवा, डोक्याला मापाचे हेल्मेट हवे आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा. मोठ्यांसाठी हेल्मेट तर दोघांनाही सक्तीचे आहे.

मग घ्यावी की नाही? रोजचा रस्ता खराब असेल, पार्किंगला सपाट जागा असेल, चवडे टेकत असतील आणि घरखर्चाला धक्का न लावता निगा परवडत असेल, तर जरूर घ्यावी. यातले एक जरी जमत नसेल तर लहान इंजिनाची हलकी गाडी घेण्यात कमीपणा नाही. लडाखची सहल आयुष्यात एक-दोनदा होते, ऑफिस मात्र रोज असते. दारातल्या या हत्तीला रोज प्रेमाने चारा घातला, आंघोळ घातली, तर तो एक दिवस हिमालयही दाखवतो. आणि त्या दिवशी, पाय भक्कम टेकत असतील तर, मागच्या सीटवर गॅलरीतली आईसुद्धा असू शकते!