वर उडणाऱ्या अक्षता

भाचीच्या लग्नाचा अल्बम पाहताना एका वाचक बाईंना काहीतरी खटकलं आणि त्यांनी तो फोटोच पाठवून दिला. अंतरपाट नुकताच दूर झालाय, वधूवरांवर अक्षतांचा वर्षाव चाललाय आणि प्रत्येक दाण्याला पुसटशी शेपटी आहे. पण शेपटी दाण्याच्या खाली! म्हणजे अक्षता डोक्यावर पडत नाहीत, छताकडे निघाल्यात. ‘कॅमेरा बिघडलाय की गुरुत्वाकर्षण?’ असा बाईंचा सवाल.

दोन्ही ठणठणीत आहेत. या एका फोटोत खरं तर दोन फोटो आहेत, एक कार्यालयातल्या दिव्यांनी काढलेला आणि दुसरा फ्लॅशने. शटर 1/60 सेकंद उघडं होतं असं धरू. साधारण 80 सेंटिमीटर खाली आलेल्या दाण्याचा वेग सेकंदाला 4 मीटरच्या आसपास असतो. 1/60 सेकंदात तो जवळजवळ 7 सेंटिमीटर सरकतो आणि हॉलच्या उजेडात तेवढी रेघ उमटते. फ्लॅश मात्र शटर पूर्ण उघडताक्षणीच पेटतो आणि विझतोही. त्यामुळे ठसठशीत दाणा रेघेच्या वरच्या टोकाला, आणि त्याचा पुढचा प्रवास खाली, शेपटीसारखा. फोटोच्या कडेला तीन-चार दाण्यांना शेपटी वर आहे. ते मागच्या रांगेतून कुणीतरी उंच भिरकावलेले, खरोखरच वर चाललेले दाणे. फोटोत तेवढेच पडताना दिसतात!

दाणा गोठवतो तो फ्लॅश, कॅमेरा नव्हे. लग्नाचा फोटोग्राफर ठरवताना लोक ‘कॅमेरा कुठला?’ एवढंच विचारतात. मला त्याच्या बॅगेतल्या, चार पेन्सिल सेलवर चालणाऱ्या डब्याचं जास्त कौतुक आहे. सकाळी नळाला करंगळीएवढी धार येत असली तरी बादली लावून ठेवायची आणि भरली की एकदम ओतायची, तसा हा कारभार. सेलमधून हळूहळू येणारी वीज कपॅसिटरमध्ये तीनेकशे व्होल्टला साठते (जुने फ्लॅश तेव्हा बारीक शिट्टी वाजवत) आणि मग झेनॉन वायूच्या नळीतून एका झटक्यात मोकळी होते. 60 ज्यूल ऊर्जा 1/1000 सेकंदात सुटली, तर तेवढ्या वेळापुरती शक्ती होते 60 किलोवॅट. कार्यालयाचा मंजूर वीजभारही बहुधा एवढा नसेल.

खरी गंमत पुढेच आहे. फ्लॅशची ताकद 1/16 वर आणली की उजेड मंद होतो, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही, तो तोकडा होतो. बादली हळू ओतायची नाही, मध्येच सरळ करायची. सुरुवातीच्या ऑटो फ्लॅशमध्ये उरलेली वीज दुसऱ्या नळीत सोडून वाया घालवत, म्हणजे उरलेलं पाणी सरळ मोरीत. पुढे थायरिस्टर आला आणि पाणी बादलीतच राहू लागलं. पूर्ण ताकदीला 1/1000 सेकंद चालणारा लखलखाट 1/16 ला साधारण 1/10,000 सेकंदावर येतो. पहिल्यात अक्षतेचा दाणा 4 मिलिमीटर सरकतो, म्हणजे पुसटतो. दुसऱ्यात 0.4 मिलिमीटर. म्हणून जाणकार फोटोग्राफर एक फ्लॅश पूर्ण ताकदीने मारण्याऐवजी स्टेजभोवती दोन-तीन फ्लॅश कमी ताकदीवर लावतो, आणि कमी पडलेला उजेड आयएसओ वाढवून भरून काढतो. महागड्या कॅमेऱ्याचा उपयोग इथे होतो, कारण वाढवलेल्या आयएसओलाही तो चित्र खरखरीत होऊ देत नाही. जुन्या धाटणीच्या मोठ्या स्टुडिओ दिव्यांत मात्र उलटा न्याय असतो. तिथे ताकद कमी करायला व्होल्टेज उतरवतात, आणि लखलखाट लांबतो.

या विद्येचं श्रेय हॅरॉल्ड एजर्टनला दिलं जातं, आणि ते रास्तच आहे. अमेरिकेत एमआयटीमध्ये तो विजेच्या मोटारींवर काम करत होता. लुकलुकणाऱ्या दिव्याचा ठेका मोटारीच्या वेगाशी जुळला की फिरणारा भाग थांबल्यासारखा दिसतो, हे त्याने हेरलं आणि 1931 च्या सुमारास स्ट्रोबोस्कोप घडवला. दुधाच्या थेंबाचा मुकुट, 1964 मधलं गोळीने भेदलेलं सफरचंद ही त्याचीच चित्रं. सफरचंदाच्या वेळी खोलीत अंधार होता आणि कॅमेऱ्याचं शटर उघडंच! सगळं काम सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहून तोकड्या ठिणगीने केलं. जर्मेशॉसेन आणि ग्रायर या त्याच्या सहकाऱ्यांची नावं मात्र ‘ईजी अँड जी’ या कंपनीच्या आद्याक्षरांपुरती उरली.

पण एजर्टनच्या कितीतरी आधी, 1851 मध्ये, हेन्री फॉक्स टॅल्बटने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हेच करून दाखवलं होतं. गरगर फिरणाऱ्या चकतीवर छापील कागद चिकटवला, अंधारात लायडन जारमधली वीज ठिणगी पाडून मोकळी केली, आणि फोटोत अक्षरं वाचता आली. कागद होता ‘द टाइम्स’ वर्तमानपत्राचा. हे वर्तमानपत्राच्याच पुरवणीत लिहिताना होणारा आनंद लपवत नाही. टॅल्बट निगेटिव्हचा जनक म्हणून पुस्तकांत असतो, या ठिणगीसाठी क्वचितच.

आता जाहिरातींबद्दल. ‘1/8000 ला फ्लॅश सिंक’ असं खोक्यावर छापलेलं असतं. बहुतेक कॅमेऱ्यांत शटरचे दोन पडदे असतात आणि साधारण 1/200 ते 1/250 पलीकडे पूर्ण सेन्सर एकाच वेळी उघडा नसतो, फक्त एक फट सरकत जाते. त्यावर तोड म्हणून फ्लॅश सेकंदाला हजारो वेळा थरथरत राहतो. उजेड बराच घटतो आणि तो एक टोकदार लखलखाट, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तोच हरवतो. 2023 मध्ये सोनीने जाहीर केलेल्या ए9 थ्री या कॅमेऱ्यात सगळा सेन्सर एकदम टिपला जातो. ती खरी प्रगती. स्टेजवरच्या स्वस्त एलईडीमुळे फोटोत येणारे आडवे पट्टेही त्याच्यात उमटत नाहीत. आपल्याकडचा 50 हर्ट्झचा पुरवठा अशा दिव्यांना सेकंदाला 100 वेळा लुकलुकायला लावतो आणि ओळीओळीने वाचणारे सेन्सर ती लुकलुक पट्ट्यांच्या रूपात पकडतात.

बाईंच्या फोटोग्राफरला मात्र नवा कॅमेरा घ्यायची गरज नाही. मेनूत ‘रिअर कर्टन’ नावाचा पर्याय असतो. तो निवडला की फ्लॅश शटर मिटण्याच्या अगदी आधी पेटतो आणि शेपटी दाण्याच्या मागे, म्हणजे वर जाते. अनेकजण तो टाळतात, त्यालाही कारण आहे. मुख्य लखलखाटाआधी उजेड मोजायला एक छोटा फ्लॅश पडतो. शटर पाव सेकंद उघडं असेल, तर मधल्या वेळात नवरीची पापणी हमखास मिटते. 1/60 ला मात्र पापणीला तेवढी सवडच मिळत नाही.