बिलासाठी मोबाइल नंबर कशाला?

काशीचा शालू असो की कोपऱ्यावरच्या दुकानातला साबण, पैसे देताना हल्ली पहिला प्रश्न येतो तो मोबाइल नंबरचा. तो न देताही बिल मिळू शकते, हे किती जणांना ठाऊक आहे?

मुलीचे लग्न ठरले की शालू घ्यायचा आणि तो शक्यतो बनारसचाच, ही मराठी घरांतली जुनी हौस. काशीयात्रेला गेलेली मंडळी विश्वनाथाचे दर्शन आणि दशाश्वमेध घाटावरची आरती झाली की गोदौलिया, चौक आणि ठठेरी बाजाराच्या गल्ल्यांकडे वळतात. चपला बाहेर काढायच्या, पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसायचे, कुल्हडमधला चहा घ्यायचा आणि एकामागून एक उलगडत जाणारे शालू पाहायचे. तासाभराने एक पसंत पडतो, घासाघीस होते, भाव ठरतो.

आई पर्स उघडते, तोच गल्ल्यावरचा मुलगा संगणकाकडे पाहत म्हणतो, ‘‘भाभीजी, मोबाइल नंबर बोलिए.’’

‘‘नंबर कशाला?’’

‘‘उसके बिना बिल नहीं निकलेगा.’’

आईला आपला नंबर पटकन आठवत नाही. बाबा म्हणतात, ‘‘अगं, तुझा सांग ना!’’ आणि लग्न ठरलेली ती मुलगी भरल्या दुकानात, दोन विक्रेते, चहावाला पोऱ्या आणि शेजारी बसलेल्या अनोळखी गिऱ्हाइकांसमोर दहा आकडे मोठ्याने सांगून टाकते.

असा प्रसंग काशीतच घडतो असे नाही. सिग्रा किंवा कँटोन्मेंटमधल्या मॉलमध्ये तो घडतो, तसाच तो पुण्या-नागपुरातही घडतो. आपण त्यावर फारसा विचार करत नाही. नंबर सांगायला दहा सेकंदही लागत नाहीत. पण एकदा दिलेला नंबर परत घेता येत नाही.

उपाध्यायांची वही आणि दुकानाची वही

काशीत माहिती देण्याची परंपरा नवी नाही. पैठणहून आलेल्या भट्ट घराण्यासारखी मराठी कुटुंबे शतकानुशतके या नगरीत राहिली. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची नावे, गोत्रे, गावे आणि कोण कोणाबरोबर आले याच्या नोंदी होत राहिल्या. आजही एखाद्याला तिथे पणजोबांचे नाव, क्वचित त्यांची सहीसुद्धा सापडते.

मग दुकानाने नंबर लिहून घेतला तर बिघडले कुठे?

फरक आहे. उपाध्यायांच्या वहीत आपण काय लिहिले हे आपल्याला माहीत असते. ती वही कोणाकडे आहे, कशासाठी आहे, हेही माहीत असते आणि पुढच्या पिढीला ती उघडून पाहता येते. दुकानाच्या संगणकात गेलेला नंबर मात्र कुठे साठतो, किती वर्षे राहतो, जाहिरात कंपनीकडे जातो की काम सोडून गेलेल्या नोकराच्या फोनमध्ये, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. एका शालूसाठी दिलेल्या नंबरावर पुढे कर्जाचे, भूखंडांचे आणि विम्याचे फोन येऊ लागले, तर ते कोणामुळे, हेही सांगता येत नाही.

शिवाय मोबाइल नंबर आता केवळ बोलण्यापुरता उरलेला नाही. बँकेचे खाते, यूपीआय, आधार, गॅस सिलिंडर, मुलांची शाळा असे सारे त्याच दहा आकड्यांना जोडलेले असते. त्याच नंबराच्या नावावर दर महिन्याचे बिल साठत गेले की घरात कोण आजारी आहे, कोणाला बाळ होणार आहे, महिन्याला किती खर्च होतो याचा अंदाज बांधता येतो. एरवी आपण ही माहिती शेजारणीलाही देणार नाही!

पन्नास रुपयांत मुलीचा नंबर

ही भीती कल्पनेतली नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘हिंदुस्तान टाइम्स’ने उत्तर प्रदेशातील मोबाइल रिचार्जच्या दुकानांबद्दल धक्कादायक वृत्त दिले होते. रिचार्जसाठी आलेल्या मुलींचे नंबर काही दुकानदार वहीत उतरवून घेत आणि पुरुषांना विकत. दिसायला साधारण असलेल्या मुलीच्या नंबराला ५० रुपये आणि सुंदर मुलीच्या नंबराला ५०० रुपये असा दर होता. मग त्या मुलींना अनोळखी फोन येत, ‘मैत्री करायची आहे’ अशी गळ घातली जाई आणि अश्लील संदेश पाठवले जात. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०१२ मध्ये सुरू केलेल्या १०९० या महिला हेल्पलाइनवर फोनवरून होणाऱ्या त्रासाच्याच तक्रारी सर्वाधिक येत होत्या.

त्या मुलींचे काय चुकले होते? त्यांनी दुकानदाराने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले, इतकेच.

मोठी, नावाजलेली कंपनी असली की माहिती सुरक्षित, असेही नाही. २०२१ मध्ये एका प्रसिद्ध पिझ्झा साखळीच्या सुमारे १८ कोटी ऑर्डरचा तपशील चोरीला गेल्याचे उघडकीस आले. नावे, फोन नंबर आणि घरचे पत्ते इंटरनेटवर कोणालाही शोधता येतील असे मांडले गेले होते. त्या ग्राहकांनी फक्त पिझ्झा मागवला होता.

कायदा काय म्हणतो?

एप्रिल २०२३ मध्ये खासदार महुआ मोईत्रा दिल्ली परिसरातील एका मोठ्या दुकानात वडिलांसाठी पँट घ्यायला गेल्या. रोख पैसे द्यायला त्या तयार होत्या, तरीही फोन नंबर आणि ईमेलचा आग्रह धरण्यात आला. त्यांनी हा प्रकार जाहीर केला आणि त्यावर बरीच चर्चा झाली.

त्यानंतर मे २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने किरकोळ विक्री क्षेत्राला आणि उद्योग संघटनांना सूचना दिली की ग्राहकाकडे मोबाइल नंबरची सक्ती करू नये. बिल बनवण्यासाठी नंबर देणे भारतात बंधनकारक नाही आणि नंबराशिवाय माल नाकारणे ही ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते, असे विभागाचे तत्कालीन सचिव रोहित कुमार सिंह यांनी स्पष्ट केले.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील दोन तरतुदी प्रत्येक गृहिणीने लक्षात ठेवाव्यात. पहिली, विकलेल्या वस्तूचे बिल किंवा पावती न देणे ही अनुचित प्रथा आहे. दुसरी, ग्राहकाने विश्वासाने दिलेली खासगी माहिती कायद्याने सांगितलेल्या कारणाशिवाय दुसऱ्याला देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे.

याच्या मुळाशी आहे सर्वोच्च न्यायालयाचा २४ ऑगस्ट २०१७ चा निकाल. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत अधिकार आहे. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा केला. या कायद्याच्या इंग्रजी मजकुरात व्यक्तीसाठी सर्वत्र ‘ती’ हे स्त्रीलिंगी सर्वनाम वापरले आहे. त्यात एक उदाहरणही दिले आहे. एक ग्राहक औषधाच्या दुकानात खरेदी करते आणि पावती मोबाइलवर पाठवा म्हणून आपणहून नंबर देते. तर दुकानदाराने तो नंबर पावती पाठवण्यासाठी वापरावा. एका कामासाठी दिलेली माहिती त्याच कामासाठी, हे तत्त्व यातून कळते. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि व्यावसायिकांना मुख्य बंधनांच्या तयारीसाठी १८ महिन्यांची मुदत देण्यात आली.

माहिती केव्हा द्यावीच लागते?

याचा अर्थ प्रत्येक प्रश्नाला नकार द्यायचा असा नव्हे. काही ठिकाणी माहिती देणे आवश्यकच असते.

• एका व्यवहारात दोन लाख रुपयांहून अधिक किमतीची वस्तू घेतली, तर पॅन द्यावा लागतो. भारी शालू आणि दागिने घेताना हे लक्षात ठेवा.
• ५० हजार रुपये किंवा त्याहून मोठ्या खरेदीच्या जीएसटी बिलावर ग्राहकाचे नाव आणि पत्ता लिहावा लागतो. तिथेही मोबाइल नंबर बंधनकारक नाही.
• ठरावीक औषधे देताना औषध विक्रेत्याला रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव नोंदवावे लागते.
• लॉज किंवा हॉटेलात उतरताना ओळखपत्र दाखवावे लागते. आधारची प्रत द्यायची असेल, तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारे ‘मास्क्ड आधार’ वापरा.
• साडी कुरियरने घरी पाठवायची असेल तर पत्ता आणि फोन लागणारच.

प्रत्येक ठिकाणी माहिती मागण्याचे कारण सांगता येते. जिथे कारण सांगता येत नाही, तिथे माहिती देऊ नये, हा साधा हिशेब.

दुकानदाराचीही बाजू आहे

दुकानदाराच्या बाजूने पाहिले तर जुने गिऱ्हाईक टिकवणे हे त्याचे पोट आहे. नवा माल आला की फोटो पाठवता येतात, बिल हरवले तर नंबरावरून शोधता येते, सणाला सवलत कळवता येते. ज्या ग्राहकांना हे हवे आहे, त्यांनी खुशाल नंबर द्यावा. विचारण्यात गैर काहीच नाही, गैर आहे ती सक्ती. ‘नंबर द्यायचा आहे का?’ असे विचारणारा दुकानदार आणि ‘नंबराशिवाय बिल निघत नाही’ म्हणणारा दुकानदार यांत मोठे अंतर आहे.

अनेकदा संगणकातली ती चौकट भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही, हे खरे असते. पण ती चौकट दुकानाने बनवून घेतलेली आहे, सरकारने नव्हे. ती अडचण दुकानाने सोडवायची, गिऱ्हाइकाने नाही.

नाही कसे म्हणाल?

आपल्याकडे अडचण कायद्याची कमी, संकोचाची जास्त. मागे रांग असते, गल्ल्यावरचा मुलगा घाईत असतो आणि ‘एवढं काय त्यात!’ म्हणून घरचेच दटावतात. म्हणून वाक्य आधीच ठरवून ठेवा. आवाज न चढवता म्हणा, ‘‘नंबर देत नाही, कागदावर बिल द्या.’’ काशीत असाल तर, ‘‘भैया, नंबर नहीं देंगे, बिना नंबर के बिल बना दीजिए.’’ बहुतेक वेळा तेवढ्यावर काम होते. झाले नाही तर मालकाला किंवा मॅनेजरला बोलवा.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवा.

• चुकीचा नंबर सांगून सुटका करून घेऊ नका. तो दुसऱ्या कोणाचा तरी असतो आणि त्रास त्याला होतो.
• नंबर द्यायचाच ठरवला, तर मोठ्याने सांगू नका. कागदावर लिहून द्या किंवा स्वतः टाइप करा. लेकीसुनांचा नंबर परस्पर देऊ नका.
• ‘मेंबरशिपसाठी ओटीपी आला असेल, सांगा’ असे म्हटले तर आधी संदेश पूर्ण वाचा. कशासाठी आला आहे हे समजले नाही तर सांगू नका.
• यूपीआय आयडीमध्ये तुमचा मोबाइल नंबरच असेल, तर पैसे देताना तो समोरच्याला दिसू शकतो. ॲपमध्ये वेगळा आयडी निवडता येतो.
• नंबर टाळण्यासाठी बिल सोडू नका. यंत्रमागाची नकली साडी ‘अस्सल बनारसी’ म्हणून गळ्यात मारली गेली, तर बिल हाच तुमचा पुरावा असतो.

तक्रार घरी येऊनही करता येते

परगावच्या दुकानाशी भांडायला पुन्हा कोण जाणार, म्हणून अनेक जण गप्प बसतात. पण २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला आपण जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा दिली आहे. वाराणसीच्या दुकानाविरुद्ध साताऱ्यात दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. दुकानाचे नाव, तारीख, बिलाचा क्रमांक आणि काय बोलणे झाले हे लिहून ठेवले असेल तर काम सोपे होते. नंबराचा गैरवापर होऊन कोणी छळत असेल, तर ती पोलिसांची बाब आहे. उत्तर प्रदेशात १०९० आणि देशभरात ११२ हे क्रमांक आहेत.

या विषयावर घरात सर्वांनी एकदा बोलून घेतलेले बरे. मुलीने नंबर द्यायला नकार दिला तर ‘उगाच आगाऊपणा नको’ म्हणून तिला गप्प करण्याऐवजी आईबाबांनी तिच्या बाजूने उभे राहावे. शालूचे पैसे मोजून दिले की सौदा पुरा होतो. त्यानंतर दुकानदाराने द्यायचे ते बिल आणि मुलीने घरी न्यायचा तो शालू. तिचा नंबर त्या सौद्यात कधी नव्हताच.