श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन

श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन ही रस्त्यावर भटकणाऱ्या बेघर मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना कुटुंबात परत पोहोचवणारी महाराष्ट्रातील स्वयंसेवी संस्था आहे. मनोविकारतज्ज्ञ भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये मुंबईत तिची स्थापना केली. पनवेलप्रमाणेच रायगड जिल्ह्यात असलेल्या कर्जत येथे २००६ पासून संस्थेचे पुनर्वसन केंद्र कार्यरत आहे.

स्थापना

रस्त्याकडेला नारळाच्या करवंटीने गटाराचे पाणी पिणारा एक तरुण वाटवानी दांपत्याच्या दृष्टीस पडला. त्यांनी त्याला आपल्या रुग्णालयात नेऊन उपचार केले. बरा झाल्यावर तो आंध्र प्रदेशातील विज्ञान पदवीधर असल्याचे समजले व त्याच्या कुटुंबाचा शोध लागला. या अनुभवातून संस्थेचे कार्य सुरू झाले. कर्जतच्या केंद्रापूर्वी हे कार्य मुंबईतील दहिसर येथून चालत असे.

उपचारपद्धती

अशा रुग्णांपैकी अनेकांना स्किझोफ्रेनिया अर्थात छिन्नमनस्कता हा आजार असतो. भास, संशय आणि विचारांतील विस्कळीतपणा ही त्याची प्रमुख लक्षणे होत. १९५० च्या दशकात क्लोरप्रोमाझिन हे औषध वापरात आल्यापासून या आजाराच्या उपचारांना नवी दिशा मिळाली. अशी बहुतेक मनोविकाररोधी औषधे मेंदूतील डोपामिन या रसायनाचा प्रभाव कमी करतात. औषधांबरोबरच पोषण, स्वच्छता, समुपदेशन आणि दैनंदिन कामांची सवय यांचीही आवश्यकता असते.

पुनर्मिलन

लक्षणे ओसरू लागल्यावर रुग्णाकडून गावाचे नाव, नातेवाइकांची माहिती किंवा मातृभाषेतील काही खुणा मिळतात. घर शोधण्याचा मार्ग त्यामुळे उपचारांतूनच खुला होतो. सामाजिक कार्यकर्ते रुग्णाला स्वतः घरी पोहोचवतात आणि नातेवाइकांना आजाराची माहिती देतात. हा टप्पा महत्त्वाचा असतो, कारण बरे वाटताच औषधे बंद केल्यास आजार उलटण्याचा धोका वाढतो. आजाराला बाहेरची बाधा किंवा कर्माचे फळ मानणाऱ्या घरात उपचार खंडित होण्याची शक्यता अधिक असते.

कायदेशीर तरतुदी

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ असलेली व्यक्ती भटकताना आढळल्यास तिला संरक्षण देणे, हे कलम १०० नुसार पोलिसांचे कर्तव्य आहे. तिला चोवीस तासांच्या आत जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत न्यावे लागते. कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. व्यक्ती बेघर असल्यास हरवल्याची नोंद करून तिच्या कुटुंबाचा शोध घेण्याची जबाबदारीही पोलीस ठाण्यावर आहे.

सन्मान

या कार्याबद्दल भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार प्रदान करण्यात आला. त्याच वर्षी लडाखचे सोनम वांगचुक हेही या पुरस्काराचे मानकरी होते.