प्रेस्बिटेरियन मंडळीचें दप्तर : मत व ओळख

जुन्या कागदांच्या याद्या करतांना ख्रिस्ती मंडळ्यांचे कागद बहुधा ‘मिशनचे कागद’ या एकाच सदराखालीं घातले जातात. संग्राहकांस ही सोय वाटते. परंतु तिच्यामुळें कागदांचा निम्मा अर्थ नाहींसा होतो. मिशनें अनेक, त्यांचीं मतें निराळीं, आणि मंडळीचा कारभार कोणी चालवावा याविषयींचे त्यांचे नियमही निराळे. प्रेस्बिटेरियन मंडळी कशी ओळखावी, एवढाच प्रश्न आम्ही येथें घेतों.

वाशीमचें उदाहरण पाहूं. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची ही राजधानी. विंध्यशक्ति दुसरा याच्या येथील ताम्रपटामुळें संशोधकांस ती सुपरिचित आहे. अकोल्यापासून निराळा होऊन वाशीम जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजीं. येथील रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय नाझरीन मिशनचें. तो पंथ वेस्लीच्या परंपरेंतील असून पूर्ण पवित्रीकरण हें त्याचें विशेष मत होय. तो प्रेस्बिटेरियन नव्हे. प्रेस्बिटेरियन परंपरेचीं जुनीं ठाणीं वाशीमच्या दोहों बाजूंस आहेत : ईशान्येस नागपूर व पश्चिमेस जालना. नागपुरास स्टीफन हिस्लॉप १८४५ सालीं आले; टाकळघाटचीं शिलावर्तुळें पाहून परततांना १८६३ सालीं ते पुरांत बुडाले, हें पुराणवस्तूंच्या अभ्यासकांस ठाऊक आहेच. जालन्याजवळ बेथेल हें गांव नारायण शेषाद्रि यांनीं वसविलें. ते जन्मानें ब्राह्मण, १८४३ सालीं मुंबईस ख्रिस्ती झालेले; बेथेलच्या वस्तींत मांग समाजांतून आलेलीं कुटुंबें बरीच होतीं.

दोघेही स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. त्याच १८४३ सालीं स्कॉटलंडांत मोठी फूट पडली. जमीनदार आश्रयदात्यानें निवडलेला पाळक मंडळीनें इच्छेविरुद्ध पत्करावा कीं काय, हा वादाचा मुद्दा. पत्करूं नये असें म्हणणारे साडेचारशेंहून अधिक पाळक राजमान्य चर्च सोडून बाहेर पडले, मुंबईचे डॉ. जॉन विल्सन व हिंदुस्थानांतील इतर स्कॉटिश मिशनरी त्यांस मिळाले. अर्थात् कारभाराचा प्रश्न या पंथांत श्रद्धेचाच प्रश्न मानला जातो.

ही गोष्ट पंथाच्या नांवांतच आहे. ग्रीक ‘प्रेस्बुतेरोस’ म्हणजे अधिक वयाचा, वडील. मूळ ‘प्रेस्बुस्’ या शब्दाची तुलना कांहीं भाषाशास्त्रज्ञ वैदिक ‘पुरोगव’, म्हणजे पुढें चालणारा, या शब्दाशीं करतात. मराठी बायबलांत ‘वडील’ हाच शब्द रूढ आहे. मंडळीनें निवडलेले वडील व पाळक मिळून ‘सेशन’ होतें. त्यावर प्रेस्बिटरी, पुढें सिनड व जनरल असेंब्ली. पाळकांवर बिशप नाहीं. सर्व पाळक समान दर्जाचे.

मतांचा आधार वेस्टमिन्स्टरचें मतपत्र व १६४७ सालची १०७ प्रश्नांची लघु प्रश्नोत्तरी. शास्त्र हेंच अंतिम प्रमाण, ईश्वर सर्वसत्ताधीश, तारण मनुष्याच्या पुण्यानें नव्हे, कृपेनें, संस्कार दोनच, बाप्तिस्मा व प्रभुभोजन. ईश्वराचा करार श्रद्धावंतांच्या मुलांसही लागू आहे, म्हणून तान्ह्या बालकासही बाप्तिस्मा देतात. परंतु प्रभुभोजनाचा अधिकार त्यानें मोठेपणीं स्वमुखें श्रद्धा कबूल केल्यावर मिळे.

या मतांचा ठसा दप्तरावर उमटतो. एकाच व्यक्तीचें नांव बाप्तिस्म्याच्या वहींत एकदां व प्रभुभोजनाच्या पटावर कित्येक वर्षांनीं दुसऱ्यांदा येतें. बालकाची नोंद धर्मांतराची नव्हे, ख्रिस्ती घरांतील जन्माची होय. प्रौढाची नोंद मात्र बहुधा धर्मांतराची असते. हा भेद न पाहतां केलेली धर्मांतरांची मोजदाद फसते. सेशनच्या कार्यवृत्ताची वही प्रेस्बिटरीपुढें तपासणीस ठेवून तिजवर साक्ष घेण्याची रीत आहे. असा शेरा आढळल्यास ओळख पक्की समजावी.

आमच्या वाचकांस येथें महजर आठवेल. त्यांतही गोत बसे, निर्णय होई व निशाण्या पडत. मांगासही बलुतेदार म्हणून तेथें स्थान असे. परंतु तें स्थान वतनानें येई, सेशनांतील वडिलाचें निवडीनें. बेथेलसारख्या वस्तींत हा फरक लहान नव्हे.

पाटीवरील नांवावर मात्र विसंबूं नये. बहुतेक प्रेस्बिटेरियन संस्था १९०४ सालीं एक होऊन ‘प्रेस्बिटेरियन चर्च इन इंडिया’ झालें. १९२४ सालीं काँग्रिगेशनल मंडळ्यांसह ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’. आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपुरास सहा मंडळ्यांच्या ऐक्यानें ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’. या शेवटच्या ऐक्यांत बिशपपद स्वीकारलें गेलें, आणि ‘प्रेस्बिटर’ ही दीक्षित पाळकाची पदवी ठरली. म्हणजे शब्द टिकला, त्याचा विनियोग पालटला. १९७० पूर्वींची वही उत्तरकालीन नियमांनीं वाचणें म्हणूनच सदोष होय.

अशा वह्या रद्दींत जातात, अथवा सुंदर अक्षराचें एखादें पान फाडून संग्रहांत येतें. सुटें पान म्हणजे स्थळाविना ताम्रपट. संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, वही अखंड ठेवावी, शक्य तर मंडळीच्याच ताब्यांत राहूं द्यावी व तिची संपूर्ण नक्कल करून घ्यावी. ज्यांच्या पूर्वजांचा उल्लेख अन्य दप्तरांत क्वचितच, आणि तोही वतनाच्या निमित्तानें, येतो, त्यांनीं स्वतः बसून केलेले निर्णय या वह्यांत आहेत.