धूर मोजायचा कसा?

घाट चढणाऱ्या एखाद्या जुन्या ट्रकमागे तुमची एस.टी. कधी अडकली आहे का? ट्रकचालक अ‍ॅक्सिलरेटर दाबतो, काळ्या धुराचा लोट उठतो आणि एस.टी.च्या खिडक्या धडाधड बंद होतात. हा धूर वाईट आहे, हे सांगायला शास्त्रज्ञाची गरज नाही. पण तो किती वाईट? एकाला जो धूर ‘फार’ वाटतो तो दुसऱ्याला ‘थोडा’ वाटेल. कायद्याने प्रमाणपत्र द्यायचे किंवा नाकारायचे, तर अशा उत्तराने भागत नाही. तेथे आकडा हवा. धुराला आकडा कसा देतात, आणि त्या आकड्याला काय कळते व काय कळत नाही, ते आपण पाहू.

काळा धूर येतो कोठून?

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी टाकून इंधन पेटवतात. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये आधी नुसती हवा घेतली जाते आणि दट्ट्या तिला सुमारे १५ ते २० पट दाबतो. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे टोक गरम लागते, हे तुम्हांला ठाऊक आहेच. येथे दाब कितीतरी अधिक, म्हणून हवेचे तापमान ५०० अंश सेल्सियसच्याही वर जाते. या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला, की तो आपोआप पेट घेतो.

फवाऱ्याच्या कडेला भरपूर ऑक्सिजन असतो, पण आतल्या भागात तो पुरत नाही. तेथे इंधन अर्धवट जळते आणि कार्बनचे कण तयार होतात. कंदिलाची वात फार वर काढली, की काच काळी होते ना? तसाच हा प्रकार. यातील बरीचशी काजळी नंतर सिलिंडरमध्येच जळून जाते. उरलेली सायलेन्सरच्या नळीतून बाहेर पडते. हवेची गाळणी तुंबली असेल किंवा फवारा सोडणारी नोझल झिजली असेल, तर काजळी वाढते. म्हणजे धूर हा इंजिनच्या आजाराचेही लक्षण आहे.

डोळ्यांचा अंदाज

धुराला क्रमांक देण्याचा एक जुना प्रयत्न फ्रान्समधील प्राध्यापक मॅक्सिमिलियन रिंगेलमान यांनी १८८८ च्या सुमारास केला. त्यांनी पांढऱ्या पत्त्यांवर काळ्या रेघांच्या जाळ्या काढल्या. पहिल्या पत्त्याचा २० टक्के भाग काळा, दुसऱ्याचा ४०, तिसऱ्याचा ६०, चौथ्याचा ८०. कोरा पत्ता शून्य आणि पूर्ण काळा पाच. पत्ते दूर टांगले की रेघा वेगळ्या दिसत नाहीत, करडा रंग दिसतो. मग कारखान्याच्या धुराड्यातील धूर कोणत्या पत्त्याशी जुळतो, ते पाहायचे. युक्ती सोपी आणि स्वस्त होती. पण सूर्य समोर आहे की पाठीमागे, आभाळ स्वच्छ आहे की ढगाळ, यावर उत्तर बदलत असे. पाहणारा बदलला तरी ते बदलत असे.

प्रकाशाचा तराजू

डोळ्यांचा हा दोष काढण्यासाठी धूरमापक आला. त्याची रचना सरळ आहे. एका नळीत धूर घ्यायचा. नळीच्या एका टोकाला दिवा आणि दुसऱ्या टोकाला प्रकाश मोजणारे यंत्र. नळीत स्वच्छ हवा असताना जितका प्रकाश पोहोचतो तो १०० मानायचा. धूर आत आला की प्रकाश कमी होतो. १०० पैकी ६५ भाग प्रकाश अडला, तर वाचन ६५. ब्रिटनमधील हार्टरिज कंपनीच्या धूरमापकात ही नळी ४३ सेंटिमीटर लांब असे. म्हणून या वाचनाला ‘हार्टरिज एकक’ हे नाव पडले.

येथे एक अडचण आहे. ती समजण्यासाठी एक प्रयोग करा. दोन सारख्या काचेच्या पेल्यांत सारखेच पाणी घेऊन प्रत्येकात दुधाचे सारखेच थेंब टाका. एका पेल्यातून टॉर्चचा प्रकाश भिंतीवर पाडा. मग दोन्ही पेले एकामागे एक ठेवून पाडा. पहिल्या पेल्याने निम्मा प्रकाश अडवला असेल, तर दुसरा उरलेला निम्मा अडवत नाही. तो उरलेल्यातला निम्मा अडवतो. म्हणजे १०० चे ५० आणि ५० चे २५.

धुराचेही तसेच. ४३ सेंटिमीटर नळीत १०० पैकी ३५ भाग प्रकाश पोहोचला, तर दुप्पट लांब नळीत ३५ चे ३५ टक्के, म्हणजे सुमारे १२ भागच पोहोचेल. धूर तोच, पण पहिले यंत्र ६५ दाखवील आणि दुसरे ८८! म्हणून शास्त्रज्ञ नळीच्या लांबीवर अवलंबून नसलेली संख्या वापरतात. तिला शोषणांक म्हणू आणि k या अक्षरासाठी ‘के’ लिहू. ‘के’ला नळीच्या मीटरमधील लांबीने गुणायचे. तितका ऋण घातांक ‘ई’ (२.७१८) या संख्येवर घेतला, की पलीकडे पोहोचणाऱ्या प्रकाशाचा अंश मिळतो. ‘के’ २.४५ असेल, तर २.४५ × ०.४३ = १.०५. ‘ई’चा ऋण १.०५ वा घात सुमारे ०.३५ येतो. म्हणजे ३५ टक्के प्रकाश पोहोचला, ६५ टक्के अडला.

हे आकडे आम्ही उगाच निवडलेले नाहीत. आपल्या देशातील १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार जुन्या डिझेल गाड्यांसाठी मर्यादा ६५ हार्टरिज, म्हणजेच ‘के’ २.४५ अशी आहे. बीएस-४ गाड्यांसाठी ती ५०, म्हणजे ‘के’ १.६२ झाली. नोंदणीला एक वर्ष झाले की प्रत्येक गाडीला पीयूसी प्रमाणपत्र लागते. बीएस-४ आणि त्यानंतरच्या गाड्यांसाठी ते वर्षभर चालते, जुन्या गाड्यांसाठी सहा महिने.

उभ्या गाडीला घाट कसा चढवायचा?

धूर खरा दिसतो तो इंजिनवर भार पडल्यावर. तपासणी केंद्रात घाट कोठून आणणार? त्यावर उपाय असा : इंजिन तापू द्यायचे. त्यातील तेल निदान ६० अंश सेल्सियसपर्यंत गेले पाहिजे. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटर झटकन पण धसमुसळेपणा न करता पूर्ण दाबायचा. इंजिनला स्वतःचे जड फ्लायव्हील आणि इतर फिरते भाग क्षणात वेगाने फिरवावे लागतात. हाच त्याच्यावरचा भार. इंधन लगेच वाढते, पण टर्बोचार्जरला पुरेशी हवा ढकलायला किंचित वेळ लागतो. नेमक्या त्या वेळी धुराचा झोत निघतो आणि यंत्र त्याचे सर्वांत मोठे वाचन टिपते. पहिल्या काही झोतांनी नळीत साचलेली काजळी निघून जाते. मग पुन्हा पुन्हा वाचने घेऊन, ती एकमेकांशी जुळली की सरासरी काढतात.

प्रकाशाला न दिसणारे

२००० साली फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या ६०७ या मोटारीत काजळीची गाळणी बसून आली. पुढे अशा गाळण्या सर्वत्र पसरल्या. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या डिझेल मोटारींत ही गाळणी आली. ती सच्छिद्र चिनी मातीच्या मधाच्या पोळ्यासारखी असते. शेजारशेजारच्या नळ्यांची तोंडे आळीपाळीने बंद असतात, त्यामुळे धुराला भिंतीतून झिरपून जावे लागते. शाबूत गाळणी ९९ टक्क्यांहून अधिक कण अडवते.

पण ही गाळणी फुटली, किंवा तुंबल्यावर नवी घेण्याचा खर्च टाळण्यासाठी कोणी ती काढूनच टाकली तर? गंमत अशी, की धूरमापकाला हे बहुधा कळत नाही. आधुनिक इंजिनात काजळी मुळातच कमी असते. गाळणीविनाही गाडी जुन्या मर्यादेत सहज बसू शकते.

याचे कारण प्रकाशाच्या स्वभावात आहे. काजळीचा कण साधारण १०० नॅनोमीटरच्या आसपास असतो. आपला केस सुमारे ७०,००० नॅनोमीटर जाड आणि धूरमापकातील हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ५६० नॅनोमीटर. तरंगलांबीहून खूप लहान असा कण किती प्रकाश अडवतो, हे त्याच्या घनफळावर अवलंबून असते. व्यास निम्मा झाला की घनफळ आठपटीने घटते. म्हणजे १०० नॅनोमीटरच्या एका कणाइतका प्रकाश अडवायला ५० नॅनोमीटरचे ८ कण लागतात आणि २५ नॅनोमीटरचे ६४! धूरमापक काजळी जणू तोलतो, मोजत नाही. आणि हेच बारीक कण श्वासाबरोबर फुप्फुसाच्या थेट तळापर्यंत जाऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराची गणना माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केली.

आता कण मोजा!

ब्रिटनने फेब्रुवारी २०१४ पासून वार्षिक तपासणीत गाळणी जागेवर आहे का, हे डोळ्यांनी पाहणे सक्तीचे केले. पण बाहेरचे कवच तसेच ठेवून आतला गाभा काढला असेल, तर ते बाहेरून कसे दिसणार? म्हणून बेल्जियमने जुलै २०२२ पासून, नेदरलँड्सने जानेवारी २०२३ पासून आणि जर्मनीने जुलै २०२३ पासून गाळणी असलेल्या गाड्यांचे कणच मोजायला सुरुवात केली. नेदरलँड्समध्ये एका घन सेंटिमीटर धुरात १० लाख कणांची मर्यादा ठरली, तर जर्मनीत अडीच लाखांची. गाडी नुसती चालू ठेवायची, अ‍ॅक्सिलरेटर दाबायचीही गरज नाही.

इतके बारीक कण मोजतात कसे? एक रीत ढगांकडून शिकता येते. आकाशात धूलिकणांभोवती वाफ गोठून थेंब होतात. तसेच या यंत्रात काजळीच्या कणांना अल्कोहोलच्या वाफेतून नेऊन थंड करतात. प्रत्येक कणाभोवती थेंब वाढतो आणि लेसरच्या झोतातून जाताना चमकतो. चमक मोजली की कण मोजला. दुसऱ्या रीतीत कणांना विद्युत्भार देऊन त्यांनी वाहून नेलेला प्रवाह मोजतात.

घरी किंवा शेजारी डिझेलची गाडी असेल, तर तिचे पीयूसी प्रमाणपत्र मागून पाहा. त्यावरील ‘के’चा आकडा घ्या आणि ४३ सेंटिमीटर नळीतून किती प्रकाश पलीकडे गेला असेल, त्याचे गणित करा. ‘ई’चा घात काढायला गुरुजी किंवा बाईंची मदत घ्या. आकडा शून्याच्या जवळ आला, तर इंजिन धूर ओकत नाही, एवढे नक्की कळेल. त्या धुरात कण किती, हे मात्र कळणार नाही. त्यासाठी दुसरे यंत्र लागते. ते तपासणी केंद्रात का हवे, हे आता तुम्ही इतरांना समजावून सांगू शकाल.