सुपरमॅन उतरला मनमाडला!

सुपरमॅन कुठला? क्रिप्टॉनचा? छे! आपला सुपरमॅन नांदगावच्या शेजारच्या तालुक्यातला. मालेगावचा! आणि त्याची पॉवर? पॉवरलूम!

माहीत आहे का? फैझा अहमद खान यांची ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ ही 2008ची डॉक्युमेंटरी जेमतेम तासाभराची आहे. पण ती जगभरच्या फेस्टिव्हलांत फिरली आणि 2012मध्ये चक्क थिएटरला लागली. डॉक्युमेंटरी, तिकीट काढून! हिरो कोण, तर स्वतःचा सुपरमॅन सिनेमा काढायला निघालेले नासिर शेख आणि त्यांची दोस्तमंडळी. फिल्म स्कूल नाही, फायनान्सर नाही, फक्त सिनेमाचं वेड.

नासिरभाई मूळचे व्हिडिओ पार्लरवाले. दुसऱ्यांचे सिनेमे दाखवता दाखवता कापाकापी शिकले आणि 2000 साली काढला ‘मालेगाव के शोले’. बजेट पन्नास हजारांच्या आसपास. घोडे परवडेनात? मग डाकूंनी पाठलाग केला सायकलींवरून! ट्रॉली शॉट? सायकल. क्रेन शॉट? बैलगाडी. (बैलांना क्रेडिट मिळालं का, हे विचारू नका.)

मालेगावला रेल्वे नाही, हे तर माहीत आहे ना? गाडीनं येणारा पाहुणा उतरतो मनमाडला, म्हणजे आपल्याच नांदगाव तालुक्यात. सुपरमॅनला उडता येत नसतं, तर पहिला चहा त्यानं आमच्याकडेच घेतला असता.

आता नासिरभाईंच्या सुपरमॅनच्या उडण्याचं सीक्रेट. ट्रकच्या अंगाला ताणून बांधलेलं हिरवं कापड. त्यापुढे एक आडवा दांडा. दांड्यावर पोटावर निजलेला, हाडकुळ्या अंगाचा शफीक शेख, लूमवर राबणारा कामगार. मूठ पुढे, केप मागे, चेहरा गंभीर. पुढं कॉम्प्युटरवर हिरवं कापड गायब झालं की आभाळ हजर. आणि पोशाख? निळा सूट, त्यावर लाल चड्डी, चड्डीची नाडी बाहेर. नासिरभाईंना पब्लिकची नाडी अचूक सापडली होती, सुपरमॅनची मात्र लोंबतच राहिली!

बरं, हा सुपरमॅन लढतो कुणाशी? तंबाखू-गुटख्याशी. आणि इथं हसू थांबतं. पडद्यावर गुटख्याला ठोसे लगावणारा शफीक खऱ्या आयुष्यात तोंडाच्या कॅन्सरनं गेला. 2012मध्ये डॉक्युमेंटरी थिएटरला लागली, तेव्हा तो नव्हता. शूटिंग चालू असतानाच त्याचं लग्न झालं होतं. डॉक्युमेंटरीत तो अजून नवरदेवच आहे.

मालेगावात शुक्रवारी लूम बंद आणि टॉकीज फुल्ल! पण हिरॉईनसाठी मात्र गावाबाहेर धावाधाव. थांबा, हे आधी कुठं ऐकलंय? आपल्याच जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी एकही बाई मिळेना. शेवटी 1913च्या पडद्यावर तारामती झाले अण्णा साळुंके, हॉटेलात काम करणारे गृहस्थ!

याच फाळक्यांना सिनेमासाठी पैसे हवे होते. सावकार काय लावणार, वाटाण्याच्या अक्षता! तर या पठ्ठ्यानं खरोखरच वाटाणा पेरला. रोज एक फ्रेम, असं महिनाभर अंकुराचं शूटिंग. पडद्यावर वाटाणा भराभर वाढला आणि भांडवलही उगवलं. माझ्या मते भारतीय डॉक्युमेंटरीतला पहिला अंडरडॉग हाच, हिरवा आणि गोल.

त्याच्याही आधी, 1899 साली, सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कॅमेरा लावला. कशावर? कुस्तीवर! आपल्या डॉक्युमेंटरीची सुरुवातच मुळी धोबीपछाडानं.

कानात डोळा कधी पाहिलाय? शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी पाहिला. महाराष्ट्रातल्या जत्रांमधून फिरणाऱ्या तंबू टॉकीजवरच्या त्यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’चा 2016च्या कान महोत्सवात ‘गोल्डन आय’ पुरस्कारात खास उल्लेख झाला. खडखडणारे ट्रक, गंजके प्रोजेक्टर, रिळांचे डबे आणि तंबूच्या फटीतून फुकटात डोकावणारी पोरं. (डोकावणाऱ्यांत आपणही होतो, कबूल करा!)

रामाचा वनवास 14 वर्षांचा. आनंद पटवर्धनांची ‘जय भीम कॉम्रेड’ही 14 वर्षांची! 1997मध्ये घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचा जीव गेला. त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’मध्ये गायलेला हा आवाज. कॅमेरा सुरू झाला तो तिथून, आणि फिल्म पूर्ण झाली 2011मध्ये. ही स्किप करत बघायची नाही हं, मोबाईल बाजूला ठेवा.

आणि मुंबईचे कोळी? सर्वनिक कौर यांच्या ‘अगेन्स्ट द टाइड’मधले दोन जिवलग दोस्त. एक वाडवडिलांच्या रीतीनं जाळं टाकणारा, दुसरा एलईडी लाइट लावून मासे ओढणारा. दोस्तीत खारं पाणी शिरलं आणि 2023मध्ये सनडान्सला स्पेशल ज्युरी अवॉर्ड गळाला लागलं.

पुन्हा मालेगाव, कारण गंमत तिथंच संपत नाही. मालेगावनं बॉलिवूडचा ‘शोले’ उचलला. डॉक्युमेंटरीनं मालेगाव उचललं. मग बॉलिवूडनंच ती गोष्ट उचलली! रीमा कागतींचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ 2024मध्ये टोरांटोला झळकला, 2025मध्ये आपल्याकडे आला. नासिरच्या भूमिकेत आदर्श गौरव, लेखणी वरुण ग्रोवरची.

आता वाट बघतोय ती ‘मालेगाव के सुपरबॉईज’ची. बजेट तेच, पन्नास हजार. सायकली लागल्या तर सांगा, नांदगावहून पाठवतो!